ड्रायव्हरची पाठराखीण

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. दिवाळी तोंडावर आली होती. माळे आवरणं, रद्दी घालणं, चकलीची भाजणी दळून आणणं या कामांत बऱ्याच घरांत आणखी एका कामाची भर पडली, ते म्हणजे लॅपटॉपला फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकणं. प्रत्येक खानदानात हे काम एकाच माणसाच्या गळ्यात असतं. बहुधा तो भाचा असतो. मागे कधीतरी त्याने कुणाच्या तरी मोबाइलची रिंगटोन बदलून दिलेली असते आणि तेवढ्या भांडवलावर या पदावर त्याची तहहयात नेमणूक झालेली असते.

भाचा पेनड्राइव्ह घेऊन येतो, चहा होतो, पोहे होतात, आणि बशी विसळून होईपर्यंत लॅपटॉप कोरा करकरीत होऊन समोर उभा. कोपऱ्यात कचऱ्याची टोपली, खाली पट्टी, बाकी सगळं मोकळं. मामी म्हणतात, "किती बरं वाटतंय रे बघायला!" मामांना मात्र बरं वाटत नाही.

"ड्रायव्हर टाकलेस का?"

"मामा, आता विंडोज स्वतःच घेतं सगळे. तुम्ही काळजी करू नका."

"अरे, पण कंपनीने दिलेत ते काय उगाच?"

ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या एकेका भागाची भाषा विंडोजला समजावणारा दुभाषी प्रोग्राम. तो कुणाकडून घ्यायचा या प्रश्नावर माणसांचे दोन पंथ पडतात. पहिला पंथ कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन जे जे दिसेल ते ते उतरवून घेतो. त्यात लॅपटॉपमध्ये नसलेल्या भागांचेही ड्रायव्हर येतात, पण फुकट मिळतंय तर सोडा कशाला? दुसऱ्या पंथाला चालत्या यंत्राला हात लावणं पाप वाटतं. त्याचा माऊस अडखळत चालत असला तरी तो म्हणतो, चालतोय ना. दोन्ही पंथ एकमेकांना अडाणी समजतात. पंचाईत अशी की दोघांकडेही भक्कम पुरावे आहेत.

मामांची बाजू आधी घेऊ, कारण त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. २००१ साली विंडोज एक्सपी आलं. तेव्हा नवं विंडोज टाकलं की संगणक मुका व्हायचा. पडद्यावरची चित्रं बोरांएवढी दिसायची, इंटरनेट नसायचं, आणि सगळा जीव मदरबोर्डच्या खोक्यातून आलेल्या एका सीडीत अडकलेला असायचा. ती सीडी रेशनकार्ड आणि विम्याच्या कागदांबरोबर कपाटात ठेवली जायची. पुढे साटा जातीच्या हार्डडिस्क आल्या तेव्हा तर एक्सपीला ती डिस्कच दिसेना. उपाय असा होता की बसवणी सुरू होताच एफ-६ ही कळ दाबायची आणि डिस्कचा ड्रायव्हर फ्लॉपीतून द्यायचा. फ्लॉपीतूनच. आणि तोवर लॅपटॉपांना फ्लॉपीची खाच उरलेली नव्हती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह बाळगणाऱ्या कारागिराला त्या काळी सर्जनइतका मान होता.

वस्तू जोडली की संगणकाने ती आपोआप ओळखावी, हे वचन मायक्रोसॉफ्टने १९९५ सालीच दिलं होतं. विंडोज ९५ बरोबर 'प्लग अँड प्ले' आलं आणि लोकांनी थोड्याच दिवसांत शेवटच्या शब्दाच्या जागी प्रार्थना बसवली. त्या वचनाची जाहीर परीक्षा २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात झाली. व्यासपीठावर खुद्द बिल गेट्स, शेजारी त्यांचे सहकारी ख्रिस कॅपोसेला, समोर भरगच्च सभागृह. कॅपोसेलांनी विंडोज ९८ ला स्कॅनर जोडला, आता हा कसा आपोआप ओळखला जातो ते बघा म्हणाले, आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळी पाटी झळकली. संगणक मेला होता. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. गेट्स हसून एवढंच म्हणाले की म्हणूनच तर अजून हे विकायला काढलेलं नाही. हजरजबाबीपणाला दाद द्यायला हवी. पण दोनच महिन्यांत ते विकायला काढलं.

आता दिवस बदलले आहेत, आणि इथे भाच्याचं म्हणणं सुरू होतं. विंडोज १० आणि ११ यांच्या पोटात हजारो भागांचे साधे ड्रायव्हर आधीपासून असतात. जे नसतात ते विंडोज अपडेट मायक्रोसॉफ्टच्या कोठारातून आणतं, आणि त्यातले बहुतेक ज्याच्या त्याच्या कंपनीनेच तिथे नेऊन ठेवलेले असतात. म्हणजे मामा ज्याला विंडोजचा ड्रायव्हर म्हणतात आणि ज्याला कंपनीचा म्हणतात ते पुष्कळदा एकच असतात, फरक फक्त दाराचा. इंटरनेट जोडून, दोनदा अपडेट करून, दोनदा बंद-चालू केलं की बहुतेक लॅपटॉप जागेवर येतात.

तरी मामांचं समाधान होत नाही, कारण त्यांना डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली भागांची यादी, उघडता येतं. ते एका ओळीवर दोन टिचक्या मारतात आणि तारीख वाचतात: २१ जून २००६.

"अरे, हा तर जवळजवळ वीस वर्षांपूर्वीचा!"

भाचा काही बोलायच्या आत त्यांनी पुढची ओळ उघडलेली असते. तिथे तारीख असते १८ जुलै १९६८. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट नावाची कंपनी जगात नव्हती, ती निघायला अजून सात वर्षं होती. बिल गेट्स बारा वर्षांचे होते. आणि त्या दिवसाचा ड्रायव्हर विंडोज ११ मध्ये नांदतोय म्हटल्यावर कुठल्याही सरळमार्गी माणसाला घाम फुटणारच.

या दोन्ही तारखा खोट्या आहेत आणि मुद्दाम खोट्या घातलेल्या आहेत. एकाच भागासाठी दोन ड्रायव्हर हजर असले तर विंडोज आधी डिजिटल सही बघतं, मग तो त्या भागाशी किती नेमका जुळतो ते बघतं, आणि तरी बरोबरी झाली तर ज्याची तारीख नवी त्याला निवडतं. आवृत्तीचा क्रमांक त्यानंतर. आता गंमत बघा. मायक्रोसॉफ्टने आपल्या साध्या ड्रायव्हरांवर दर वेळी खरी, ताजी तारीख घातली असती तर दर अपडेटला त्यांनी कंपनीच्या खास ड्रायव्हरांना तारखेच्या जोरावर हुसकावून लावलं असतं. म्हणून विंडोज व्हिस्टा घडत होतं तेव्हाची २१ जून २००६ ही तारीख कायमची गोठवून टाकली. आतला मजकूर बदलतो, आवृत्ती बदलते, तारीख तीच. मायक्रोसॉफ्टमधले जुनेजाणते प्रोग्रामर रेमंड चेन यांनी याचा खुलासा लिहून ठेवला आहे, आणि तो वाचलेला माणूस शंभरात एक सापडला तरी नशीब. इंटेलने तर आणखी मागे जाऊन आपल्या चिपसेटच्या फायलींवर स्वतःच्या स्थापनेचा दिवस घातला. हेतू एकच, दुसरा कुणी बरा उमेदवार असेल तर आपण मागे राहावं. तारीख जितकी जुनी तितकी नम्रता जास्त, हे मामांना पटवणं मात्र भाच्याच्या ताकदीबाहेरचं असतं.

त्यातही इंटेलच्या त्या चिपसेट ड्रायव्हरची कथा न्यारी आहे. फॉरमॅट झाल्यावर सगळ्यात आधी तो टाकायचा, नाहीतर वेग येत नाही, अशी श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेक फायली साध्या मजकुराच्या असतात. कोणत्या भागाला काय नावाने हाक मारायची एवढंच त्या विंडोजला सांगतात. टाकण्याआधी यादीत 'एसएम बस कंट्रोलर' ड्रायव्हर नसल्याच्या पिवळ्या त्रिकोणासकट उभा असतो, टाकल्यावर त्याला इंटेलच्या घराण्याचं नाव मिळतं आणि त्रिकोण जातो. वेग होता तेवढाच राहतो. पण टाकणारा शपथेवर सांगतो की लॅपटॉप आता कसा पळायला लागला.

तारखांच्या या घोळावर एक अख्खा धंदा उभा आहे. 'तुमचे ड्रायव्हर कालबाह्य झाले आहेत' असं लाल अक्षरांत ओरडणारी सॉफ्टवेअरं इंटरनेटवर पायलीला पन्नास मिळतात. ती संगणक तपासतात, जुन्या तारखा बघून गंभीर चेहरा करतात, आणि पैसे भरले की अमुक इतके ड्रायव्हर एका दमात बदलून देतो म्हणतात. त्यांच्या नादी लागून चालता आवाज गेलेली, चालतं वायफाय गेलेली घरं गल्लोगल्ली आहेत. दोन पंथांचं इतर कशावरही जमणार नाही, पण या सॉफ्टवेअरांना उंबऱ्याबाहेर ठेवावं यावर तरी दोघांनी एकत्र सही करायला हरकत नाही.

मग कंपनीकडे जायचंच नाही का? जावं लागतं, आणि कधीकधी विंडोज बसायच्या आधीच जावं लागतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची एक व्यवस्था चालू असते. तिच्यामुळे विंडोजच्या बसवणीला आतली एसएसडी दिसतच नाही. भाचा पेनड्राइव्ह लावतो, पुढे, पुढे, पुढे करत जातो, आणि कुठल्या डिस्कवर बसवू या प्रश्नाखाली यादी रिकामी. मामा पाठीमागून विचारतात, "डिस्क गेली का रे?" गेलेली नसते. इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावरून आणून पेनड्राइव्हमध्ये घातला की ती प्रकट होते. फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला. बाकी एक्सपीच्या वेळचा खेळ जसाच्या तसा.

त्याहून छळवादी प्रकार वायफायचा. विंडोज ११ पहिल्यांदा चालू होताना इंटरनेट मागतं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. वायफायचं कार्ड नव्या धाटणीचं असेल तर त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पोटात नसतो. तो मिळणार इंटरनेटवर, इंटरनेट मिळणार वायफायवर, आणि हल्लीच्या पातळ लॅपटॉपांना केबल लावायची खाच नाही. पडद्यावर 'नेटवर्कला जोडा' असा हुकूम, आणि जोडायला नेटवर्कच नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने लावून त्याचंच इंटरनेट यूएसबीतून द्यायचं ही युक्ती सहसा चालते, कारण त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आयताच असतो. ज्याला ही युक्ती माहीत नसते तो शिफ्ट आणि एफ-१० दाबून काळ्या खिडकीत मंत्र टंकत बसतो, आणि मायक्रोसॉफ्ट दर काही महिन्यांनी तो मंत्र बदलतं.

हे पार पडलं की उरलेल्या त्रिकोणांचा शोध. डिव्हाइस मॅनेजरमधल्या अनोळखी भागावर एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो. त्यात कंपनीचा आकडाही असतो. एनव्हिडियाचा १०डीई, रिअलटेकचा १०ईसी, आणि इंटेलचा ८०८६. हा शेवटचा आकडा इंटेलने आपल्या १९७८ सालच्या गाजलेल्या चिपच्या नावावरून घेतला, म्हणजे हिशेबाच्या खात्यातही मिरवायची हौस सोडली नाही. एकदा कंपनी कळली की तिच्या संकेतस्थळावर जायचं. एचपीकडे सगळ्या फायलींची नावं 'एसपी' आणि पुढे पाच-सहा आकडे अशी असतात. उतरवताना कळतं की ही वायफायची, ही आवाजाची. दहा उतरवून झाल्या की फोल्डरात नुसते आकडे दिसतात आणि तिकीट क्रमांक बघून बर्थ शोधणाऱ्या माणसासारखी अवस्था होते.

शिवाय चिप बनवणाऱ्याचा ड्रायव्हर घ्यायचा की लॅपटॉप बनवणाऱ्याचा, हा पोटभेद आहेच. बरीच वर्षं इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर इंटेलकडूनच घेतला तर 'हा तुमच्या संगणकासाठी प्रमाणित नाही, लॅपटॉपवाल्याला विचारा' असं सांगून अडून बसायचा. लॅपटॉपवाल्याला विचारावं तर त्याच्याकडे दोन वर्षांपूर्वीचा. २०२० साली इंटेलने ही अट काढली. लोकांना इतका आनंद झाला की ज्यांना गरज नव्हती त्यांनीही टाकून घेतला.

इतका वेळ मामांचं पारडं जड होत होतं. आता दुसरी बाजू. ड्रायव्हर हा साधासुधा प्रोग्राम नसतो. त्यातले बरेचसे विंडोजच्या गाभाऱ्यात बसून काम करतात. वर्डचा गोंधळ झाला तर वर्ड बंद पडतं, गाभाऱ्यातला ड्रायव्हर घसरला तर सगळा संगणकच आडवा. व्हिस्टा २००७ साली बाजारात आलं आणि घरोघर कोसळायला लागलं, तेव्हा सगळ्यांनी मायक्रोसॉफ्टच्या नावाने बोटं मोडली. पुढे एका खटल्यात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल उघड झाले. त्यात नोंदवलेल्या कोसळण्यांपैकी २८.८ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या खात्यावर होते. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वाटा १७.९ टक्के. म्हणजे शिव्यांचं वाटप आकडेवारीला धरून झालेलं नव्हतं. त्याच एनव्हिडियाने मार्च २०१० मध्ये १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर काढला. त्याने कार्डावरच्या पंख्याच्या वेगाची अशी काही व्यवस्था लावली की कार्डं तापायला लागली, आणि कंपनीला तो घाईघाईने मागे घ्यावा लागला. 'नवीन ते चांगलं' म्हणणाऱ्यांनी त्या आठवड्यात घरबसल्या इस्त्रीची सोय करून घेतली.

गाभाऱ्यातली घसरगुंडी केवढी महागात पडते ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा घटक तिथेच बसलेला होता. त्याला एक चुकीची फाइल मिळाली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख संगणक निळे पडले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कित्येकांनी त्यांचे फोटो काढून ठेवले; एरवी बोर्डिंग पासकडे कोण ढुंकून बघतं!

पण चुका कुणाच्याही होतात. कंपनीच्या ड्रायव्हराविषयीची खरी तक्रार वेगळी आहे. तो एकटा येत नाही. पूर्वी नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जायची. नवरी रुळेपर्यंत दोनचार दिवस राहायची आणि साडी-चोळी घेऊन परत यायची. ड्रायव्हरबरोबरही पाठराखीण येते, फक्त ती परत जात नाही. हवा असतो आवाजाचा ड्रायव्हर; त्याच्याबरोबर मदतनीस येतो, अपडेट बघणारा येतो, रंगीत दिवे सांभाळणारा येतो, आणि दर सोमवारी 'तुमची वॉरंटी वाढवायची का' असं विचारणारा येतो. सगळे संगणक चालू होताच जागे होतात आणि घड्याळाशेजारच्या जागेत ओळीने बसतात. मामांच्या लॅपटॉपला चालू व्हायला चार मिनिटं लागतात, त्यातली निम्मी या मंडळींच्या चहापाण्यात जातात.

ही मंडळी नुसती बसून राहिली तरी चाललं असतं. २०१७ च्या मे महिन्यात मॉडझिरो या स्विस कंपनीच्या तज्ज्ञांनी एचपीच्या काही लॅपटॉपांतला कोनेक्झंटचा आवाजाचा घटक उघडून पाहिला. माइक बंद-चालू करणारी कळ दाबली गेली का, एवढंच बघणं हे त्याचं काम. ते कळावं म्हणून हा पठ्ठ्या दाबलेली प्रत्येक कळ एका फाइलमध्ये लिहून ठेवत होता. पासवर्ड, पत्रं, बँकेचे आकडे, सगळं. फाइल ठेवलेली सर्वांना उघडता येईल अशा 'पब्लिक' फोल्डरात. कुणाचा वाईट हेतू नव्हता. चाचणीसाठी घातलेला भाग काढायचा राहून गेला होता. एसूसचं अपडेट आणणारं सॉफ्टवेअर तर २०१८ साली हल्लेखोरांच्याच हाती लागलं. त्यांनी त्यातून कंपनीच्या खऱ्या सहीशिक्क्यासह घातक माल घरोघर पाठवला. कॅस्परस्कीने ही गोष्ट पुढच्या मार्चमध्ये उजेडात आणली. 'कंपनीचंच आहे, डोळे मिटून टाका' म्हणणाऱ्यांना डोळे उघडायला एवढा मुहूर्त पुरेसा होता.

मुळात लोकांना कोरं विंडोज टाकावंसं वाटू लागलं ते अशाच प्रकारांमुळे. लेनोव्होने २०१४-१५ च्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर कारखान्यातच भरलं होतं. ते सुरक्षित संकेतस्थळांच्या वाटेतही मध्ये उभं राहायचं, आणि सगळ्या लॅपटॉपांत त्याची गुप्त किल्ली एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोभाटा झाला. जाणकारांनी सांगितलं, फॉरमॅट मारा, कोरं विंडोज टाका, सुटाल. लोकांनी मारले फॉरमॅट. आणि ऑगस्टमध्ये कळलं की काही लेनोव्हो लॅपटॉपांत फॉरमॅटनंतरही कंपनीचं एक सॉफ्टवेअर पुन्हा उगवतंय. ते डिस्कवर नव्हतंच, मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये होतं. संगणक चालू झाला की बायोस बघायचं, विंडोजची अमुक फाइल आपली आहे का. नसली तर बदलून टाकायचं. विंडोज ८ पासून तर यासाठी मायक्रोसॉफ्टनेच एक अधिकृत वाट ठेवली होती. चोरीला गेलेला लॅपटॉप फॉरमॅट मारूनही सापडावा, असा उदात्त हेतू त्यामागे होता. लेनोव्होने पुढे बायोस सुधारून ती खोड काढली. वाट मात्र अजून उघडी आहे. एसूसच्या मदरबोर्डवर कोरं विंडोज बसवून पहिल्यांदा इंटरनेट लावलं की 'आर्मरी क्रेट बसवू का?' अशी खिडकी कोपऱ्यातून डोकावते, ती त्याच वाटेने आलेली असते. बायोसमध्ये जाऊन तिला नाही म्हणता येतं. हे किती जणांना ठाऊक असतं, हा प्रश्नच आहे.

एवढं ऐकून भाचा विजयी मुद्रेने मामांकडे बघत असेल, तर त्यालाही थोडं थांबवायला हवं. विंडोज अपडेटच्या दारातून येणारं सगळं सोवळ्यातलं असतं असं नाही. ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची यूएसबीला जोडणारी एक छोटी चिप जगभर वापरली जाते. साहजिकच तिच्या नकलाही जगभर वापरल्या जातात. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने नवा ड्रायव्हर काढला. त्याला नकली चिप दिसली की तो तिचा ओळख-क्रमांक पुसून शून्य करायचा. मग ती चिप कुठल्याच संगणकाला ओळखू येत नसे. हा ड्रायव्हर लोकांच्या घरी नेला कुणी? विंडोज अपडेटने, रात्रीच्या वेळी, आपोआप. आपल्या बोर्डवरची चिप असली की नकली हे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला काय, दुकानदारालाही ठाऊक नसतं. ओरड झाली, ड्रायव्हर मागे घेतला गेला. २०१६ मध्ये कंपनीने सौम्य मार्ग काढला: नकली चिपमधून जाणाऱ्या माहितीऐवजी 'खरं उपकरण नव्हे' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पुढे पाठवायचा. तापमान मोजणाऱ्या यंत्राला तापमान विचारावं आणि त्याने जातीचा दाखला वाचून दाखवावा, तसला प्रकार. प्रोलिफिक या दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये भागाच्या नावाच्या जागीच लिहितो की ही चिप २०१२ पासून बंद आहे, पुरवठादाराला गाठा. पुरवठादार लॅमिंग्टन रोडवर फुटपाथला बसलेला असतो आणि तो म्हणतो, "जुना ड्रायव्हर टाका, चालेल." आणि चालतंही!

म्हणून या वादात न्याय द्यायचाच तर तो थोडा आडवळणाचा द्यावा लागेल. कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा, पाठराखीण घेऊ नये. आधी विंडोजला जे आणायचं ते आणू द्यावं. मग पिवळे त्रिकोण उरले असतील तेवढ्यांपुरतंच कंपनीच्या दारात जावं. बोटाचा ठसा ओळखणारी पट्टी, बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय, वरच्या कळींतले खास गुण या गोष्टी लॅपटॉपवाल्याकडेच मिळतात, आणि त्या वापरायच्या असतील तर त्याचं मुख्य सॉफ्टवेअर नाक मुठीत धरून टाकावंच लागतं. गेम खेळणाऱ्याने किंवा व्हिडिओ कापणाऱ्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर चिपवाल्याकडून घ्यावा. त्याची फाइल हल्ली सहाशे एमबीच्या पुढे जाते. विंडोज ९५ अख्खं तेरा फ्लॉप्यांत मावायचं, हे आठवून दुःख करू नये. जो फक्त ईमेल बघतो आणि शेअरबाजाराचे आकडे बघून उसासे टाकतो, त्याला यातलं काहीच नको.

सरकारी कामाशी संबंध आला की मात्र हा सगळा ऊहापोह गुंडाळून ठेवावा लागतो. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात आधारसाठी बोट ठेवायचं यंत्र असतं. बऱ्याच ठिकाणी ते मंत्रा कंपनीचं असतं. त्याला ड्रायव्हर लागतो आणि वर 'आरडी सर्व्हिस' नावाची वेगळी सेवा लागते. दोन्हीपैकी एक जरी रुसलं तरी आजोबांचं बोट आजोबांचं ठरत नाही. सीए मंडळींच्या डिजिटल सहीच्या टोकनचंही तेच. ते यूएसबीला लावलं की 'माय कम्प्युटर'मध्ये चक्क एक सीडी ड्राइव्ह उगवतो आणि त्या नसलेल्या सीडीत ड्रायव्हर असतो. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी सीएच्या कार्यालयात एखाद्या हौशी उमेदवाराने संगणक फॉरमॅट केलेला असला, तर तिथला संवाद छापण्याजोगा नसतो.

आणि प्रिंटर. ड्रायव्हरचा विषय प्रिंटरशिवाय संपत नाही, किंबहुना मोठ्या चळवळी त्यातूनच सुरू झाल्या. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची होती. जुन्या प्रिंटरला त्यांनी ती केलीही होती. नव्याचा मूळ कोड मागितला तर नकार मिळाला. तो राग ते विसरले नाहीत. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि आज निम्मं इंटरनेट ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं त्याच्या मुळाशी एक अडकलेला कागद निघतो.

आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि दाखल्यांच्या केंद्रांत कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० या दोन जुन्या प्रिंटरांनी अर्ध्या महाराष्ट्राचे उतारे छापले आहेत. दोघेही स्वस्त, दोघेही दणकट, आणि दोघांनीही विचार करायचं काम संगणकावर सोपवलेलं. लेझरजेट १०२० ला तर स्वतःचं फर्मवेअरही लक्षात राहत नाही. रोज सकाळी चालू केला की ड्रायव्हर ते नव्याने त्याच्या डोक्यात भरतो, मग तो कामाला लागतो. असला प्रिंटर कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय म्हणजे नुसतं टेबल. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटवरून देणं टप्प्याटप्प्याने बंद होईल. नव्या प्रिंटरांनी विंडोजच्या सामाईक ड्रायव्हरवर चालावं. ज्यांना कंपनीचाच हवा त्यांनी कंपनीकडे जावं.

ही बातमी तालुक्याच्या केंद्रात पोचलेली नाही, आणि पोचली तरी फरक पडणार नाही. तिथल्या जुन्या संगणकावर विंडोज ७ आहे, प्रिंटर त्यालाच जोडलेला आहे, आणि सीपीयूवर सेलोटेपने चिकटवलेल्या कागदावर लिहिलं आहे, 'फॉरमॅट करू नये'. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या जाणकाराला राहवत नाही. "ताई, विंडोज ११ टाकून घ्या ना, प्रिंटरचा ड्रायव्हर मी शोधून देतो," असं तो म्हणतो. ताई कळफलकावरून नजर न उचलता विचारतात, "तुम्हाला दाखला आज पाहिजे की पुढच्या महिन्यात?"